‘न्हाय’चं बटण

नोकरीतली बहुतेक प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेलीत. हे एक मात्र डोक्यातून जात नाही, कारण त्यात एका निरपराध माणसाला मी जवळजवळ आरोपी केला होता. नावं कुणाचीच सांगत नाही. ती सगळी माणसं अजून इथेच राहतात, आणि त्यातली काही मला रस्त्यात दिसतातही.

आधी स्वतःबद्दल सांगतो. मी संशयी माणूस आहे. बायको म्हणते, भाजीवाल्याने कोथिंबीर फुकट दिली तरी ह्यांना त्यात काळंबेरं दिसतं. खोटं नाही ते. मीरा रोडच्या एका ठाण्यात मी गुन्हे निरीक्षक होतो. तिथे रोज सकाळपासून लोक गोष्टी सांगायला येतात आणि त्यातल्या निम्म्या घरून रचून आणलेल्या असतात. अशा जागी संशय नसेल तर माणूस फक्त शिक्के मारत बसेल.

एका रविवारी पूनम सागर वसाहतीतल्या एक बाई तक्रार अर्ज घेऊन आल्या. वय चाळीसच्या आसपास, माहेर रत्नागिरीकडचं, नवरा नोकरदार. त्यांनी मासळीचं एक ॲप काढलं होतं. किनाऱ्यावरच्या कोळीवाड्यातल्या मावश्यांनी सकाळी फोनवर सांगायचं आज काय आलंय, आणि मीरा रोडच्या सोसायट्यांतल्या लोकांनी घरबसल्या मागवायचं. कल्पना त्यांची, फिरणं त्यांचं. एकेका मावशीच्या ओट्यावर बसून त्यांनी दोन वर्षांत हे उभं केलं होतं. प्रोग्रामिंगचं काम मात्र बाहेर दिलेलं होतं, भाईंदर पूर्वेला एका गाळ्यात एकटाच बसून काम करणाऱ्या इंजिनियरला.

आणि आता हुबेहूब तेच ॲप दुसऱ्याच एका कंपनीने बाजारात आणलं होतं.

बाईंबरोबर त्यांचा दीर आला होता. कडक इस्त्रीचा शर्ट आणि तोंडात सतत ‘फंडिंग’. धंद्याची बाजू तो सांभाळायचा. स्टार्टअपच्या बातम्या देणाऱ्या एका वेबसाइटवरची बातमी त्यानेच फोनवर उघडून माझ्यापुढे धरली. नव्या कंपनीचा फोटो होता, खाली मोठमोठे शब्द होते.

“सर, सिंपल आहे,” तो म्हणाला. “कोड फक्त त्या इंजिनियरकडे होता. बाहेर काम दिलं की हे असंच होतं. ह्या लोकांना मालक एक नसतो. इकडचं तिकडे विकतात.”

बाई हळूच म्हणाल्या, “भावोजी, तसा नाहीये हो तो.”

“वहिनी, तुम्ही सगळ्यांवर विश्वास ठेवता ना, म्हणूनच ही वेळ आली.”

मला ते पटलं, हे कबूल करतो. मी अर्ज चौकशीवर ठेवला आणि इंजिनियरला बोलावणं धाडलं.

तो यायच्या आधीच ठाण्याच्या फोनवर खबर आली. पुरुषाचा आवाज, हिंदीत. “साहब, वो मछलीवाले ॲप का इंजिनियर दुबई भाग रहा है. पासपोर्ट निकाल रहा है.” एवढं बोलून फोन ठेवला. ठाणे अंमलदाराने डायरीला नोंद केली. मी आमच्याच गोपनीय शाखेच्या टेबलावर पाहायला सांगितलं, तर खरंच त्याचा पासपोर्ट पडताळणीचा फॉर्म तिथे पडलेला! पत्ता शांती नगरचा, म्हणजे आमच्याच हद्दीतला. मी वरचं नाव पाहिलं, फोटो पाहिला, आणि म्हटलं, सापडला! फॉर्म बाजूला काढून ठेवला. पुढे काय लिहिलंय ते वाचलंसुद्धा नाही.

इंजिनियर आला तो तिशीचा, बारीक, शर्टाच्या बाह्या मनगटापर्यंत बंद. वडील मराठवाड्यातून येऊन इथल्या एका कारखान्यात लागलेले, आता थकलेले. दुबईच्या एका कंपनीने त्याला नोकरीचं पत्र दिलं होतं आणि महिनाअखेरीस हजर व्हायचं होतं. त्याआधी पासपोर्ट हवा. पासपोर्टला आमचा ‘काही हरकत नाही’ असा अहवाल हवा. आणि गुन्हा दाखल होऊन आरोपी म्हणून त्याचं नाव आलं असतं, तर तो अहवाल मी कसा दिला असता?

मी सरळ विचारलं, “त्या नव्या कंपनीतल्या कुणाशी कधी बोललास?”

“नाही साहेब. कधीच नाही.”

“नक्की?”

“नक्की साहेब.”

तिसऱ्या दिवशी त्याच्या फोनचा तपशील आला. त्या कंपनीच्या माणसाचे त्याला तीन फोन. एक तर चांगला वीस मिनिटांचा. झालं! पोलिसाला एक खोटं सापडलं की तो उरलेलं सगळं त्याच मापाने मोजतो. मी तो कागद टेबलावर आपटला.

“हे काय आहे? सत्यनारायणाचं आमंत्रण होतं का?”

त्याचा चेहरा उतरला. म्हणाला, “साहेब, त्यांना बाहेरून काम करून हवं होतं. ‘थोडा रिपेअरिंग है, कर दो,’ म्हणत होते. मी नाही म्हटलं. ताईंबरोबर माझा लेखी करार आहे, मासळीच्या दुसऱ्या कुणाचं काम घ्यायचं नाही असा. नुसतं बोललो हे कळलं तरी मला अडकवाल, असं वाटलं. म्हणून नाही म्हणालो.”

“मग आता अडकला नाहीस का?”

तो शर्टाच्या बाह्यांची बटणं चाचपत राहिला. गप्प बसणारा माणूस मला नेहमीच गुन्हेगार वाटायचा.

चार दिवस मी त्याला बोलावत होतो, सकाळी दहा ते संध्याकाळी सहा. चारही दिवस त्याची बायको बाहेरच्या बाकावर बसलेली असायची. रडणं नाही, ओळखी सांगणं नाही, की ‘साहेब, पाया पडते’ नाही. दुपारी एक वाजला की दारात येऊन एवढंच विचारायची, “ह्यांना डबा देऊ का?” आणि डबा दिला की परत बाकावर. एका हवालदाराने तिला घरी जायला सांगितलं, तर म्हणाली, “ते निघाले की जाईन.” मला तिचाही संशय आला. इतकी शांत कशी? नक्की काहीतरी माहीत असणार हिला! आज स्वतःची लाज वाटते.

गुरुवारी मी शेवटचं ठरवलं. शुक्रवारी गुन्हा दाखल करायचा. विश्वासघाताचं कलम, वर माहिती तंत्रज्ञान कायदा. मसुदा टाइप झाला होता. पुरावा म्हणून फक्त दोन्ही ॲप्सच्या पानांचे फोटो जोडायचे राहिले होते. ते काम मी आमच्या महिला हवालदाराला दिलं. तिचं माहेर किनाऱ्यावरच्या त्याच गावांतलं. तिने दोन फोन घेतले, दोन्हींवर मासळी विकणारी म्हणून नाव नोंदवलं आणि एकेक पान उघडत बसली. थोड्या वेळाने ती एकटीच हसायला लागली.

“काय झालं गं?”

“साहेब, हे नवं ॲप आमच्या आईसारखं बोलतंय.”

तिने फोन पुढे केला. मासळीवालीने रोज सकाळी उघडायचं पान होतं ते. वर लिहिलं होतं, ‘आज म्हावरं हाय का?’ आणि खाली दोन बटणं, ‘हाय’ आणि ‘न्हाय’.

“आणि बाईंच्या ॲपात?”

तिने दुसरा फोन दाखवला. ‘आज मासे उपलब्ध आहेत का?’ बटणं, ‘होय’ आणि ‘नाही’.

बाकी सगळं सारखं, चित्रांपासून रंगांपर्यंत. एवढंच वेगळं. मी म्हटलं, चोराने मुद्दाम बदललं असेल. पण ती हवालदार बाई ऐकेना. “साहेब, चोरी लपवायला कोण ‘न्हाय’ लिहील? शिकलेला माणूस ‘न्हाय’चं ‘नाही’ करतो. ‘नाही’चं ‘न्हाय’ कोण करतंय?”

मी खुर्चीतून उठलो. पटण्यासारखं होतं ते, आणि ते मला सुचायला हवं होतं.

बाईंना लगेच बोलावून घेतलं. ‘न्हाय’ ऐकताच त्या ओशाळल्या. म्हणाल्या, “ते पहिल्या डेमोत होतं. त्याने मावश्यांशी बोलून तसंच लिहिलं होतं. मीच बदलायला लावलं. पैसेवाल्या लोकांना दाखवायचं तर गावठी दिसेल, असं वाटलं मला. तो म्हणाला होता, ‘ताई, मावश्यांना हेच कळतं.’ मी ऐकलं नाही.”

“तो पहिला डेमो आता कुणाकडे आहे?”

“एका पेन ड्राइव्हवर होता. कोडसकट.”

“कुणाकडे, ताई?”

“भावोजींकडे,” त्या म्हणाल्या. “फंडिंगवाल्यांना दाखवायला मीच दिला होता.”

आता विचार करा. इंजिनियरला विकायचंच असतं, तर त्याच्याकडे ताजं, दुरुस्त केलेलं ॲप होतं. अर्धकच्चं जुनं तो कशाला विकेल? जुनं तोच विकतो ज्याच्याकडे जुनंच आहे. मी इंजिनियरला आत बोलावलं आणि पहिल्या दिवशी विचारायला हवा होता तो प्रश्न विचारला.

“त्या कंपनीला तुझा नंबर कुठून मिळाला?”

तो गोंधळला. “मी विचारलंच नाही साहेब. वाटलं, कुणी माझं काम पाहून दिला असेल.” मग एकदम म्हणाला, “साहेब, पहिल्या डेमोत प्रत्येक फाइलच्या डोक्यावर मी माझं नाव आणि नंबर टाकला होता. नंतरच्यात काढला.”

म्हणजे चोरलेला माल चालेना, म्हणून त्यांनी मालावरचा नंबर पाहून कारागिरालाच फोन लावला होता. आणि त्या फोनांवरूनच मी कारागिराला चोर ठरवत होतो. वा रे मी!

दीर त्याच दुपारी आला, तोच इस्त्रीचा शर्ट घालून. मी पेन ड्राइव्हचं नावही काढलं नाही. चहा मागवला. नव्या ॲपचं ते पान उघडून फोन त्याच्या हातात दिला आणि म्हटलं, “चष्मा घरी राहिलाय माझा. जरा वाचून दाखवा हो.”

तो वाचायला लागला. “आज म्हावरं हाय का? हाय. न्हाय...” आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, “च्यायला, हे बदलायला सांगितलं होतं मी!”

“कुणाला?” मी विचारलं.

त्याने कप खाली ठेवला आणि शर्टाचं वरचं बटण काढलं. पुढची कथा बाहेर यायला तासभर लागला. नव्या कंपनीत त्याला भागीदारी मिळणार होती, फक्त बातमीत नाव येऊ द्यायचं नव्हतं. वहिनीच्या ॲपात आपली किंमत नाही, असं त्याच्या मनाने घेतलं होतं. कुंपणानेच शेत खाल्लं होतं. मसुद्यातलं इंजिनियरचं नाव खोडून मी त्याचं घातलं. बाईंनी फिर्यादीतलं ते नाव दोनदा वाचलं. पण सही केली.

राहिली ती हिंदीतली खबर. दुबईचं बाहेर कुणालाच माहीत नव्हतं, मग फोन करणाऱ्याला कसं कळलं? म्हणून मी बाजूला काढून ठेवलेला तो पासपोर्टचा फॉर्म शेवटी पूर्ण वाचला. अर्जदाराला ओळखणाऱ्या दोन स्थानिक व्यक्तींची नावं त्यात द्यावी लागतात. एक नाव शेजाऱ्याचं होतं. दुसरं त्या दिराचं, म्हणजे खबर त्यानेच पेरली होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. माझ्या टेबलापासून दहा पावलांवर उत्तर पडलं होतं आणि मी मात्र फोनवरच्या आवाजावर विश्वास ठेवला होता.

मी इंजिनियरला विचारलं, “अरे, ह्याचं नाव कशाला दिलंस?”

तो म्हणाला, “साहेब, इथं माझ्या ओळखीचं दुसरं होतंच कोण?”

त्याच संध्याकाळी मी अहवालावर ‘काही हरकत नाही’ लिहिलं. तो बाहेर आला तेव्हा बायको बाकावरून उठली, रिकामा डबा पिशवीत टाकला आणि दोघं चालू पडली. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही, आणि मी माफीही मागितली नाही. आमच्या खात्यात ती पद्धत नाही. असायला हवी होती.

ह्या प्रकरणाने माझा संशयी स्वभाव गेला असं कुणी समजू नये. तो जायचा नाही. पण एक गोष्ट कळली. तो संशय माझा नव्हताच. इस्त्रीचा शर्ट घातलेल्या माणसाने तो पहिल्या दिवशी माझ्या टेबलावर आणून ठेवला होता आणि मी तो माझा म्हणून चार दिवस सांभाळला. तेव्हापासून ठाण्यात कुणी नाव घेऊन आलं की मी आधी नाव आणणाऱ्याकडे पाहायचो.

बाईंचं ॲप आजही चालतं. त्यांनी ते पान परत पूर्वीसारखं केलंय. आमच्या घरी पापलेट तिथूनच येतं.

मी निवृत्त झाल्यावर वर्षभराने दुबईहून फोन आला. “साहेब, ओळखलं का? बायकोला इकडे आणतोय. तिच्या पासपोर्टच्या फॉर्मवर दोन नावं लागतात. एक ताईंचं दिलंय. दुसरं तुमचं देऊ का?”

मी “दे” म्हणालो.

पंधरा दिवसांनी गोपनीय शाखेचा हवालदार फॉर्म घेऊन माझ्या दारात आला. मला पाहून कडक सलाम ठोकला आणि म्हणाला, “साहेब, ह्या बाईंना कधीपासून ओळखता? काय लिहू?”

“एकदा चार दिवस माझ्या ठाण्याच्या बाकावर बसली होती,” मी म्हणालो. “नवरा आत होता, त्याची काही चूक नसताना. चार दिवसांत एक शब्द वाकडा बोलली नाही. लिही, चांगली ओळखतो.”

त्याने लिहिलं आणि सहीसाठी पेन पुढे केलं. मी आधी चष्मा मागवला, फॉर्म पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, आणि मग सही केली.