गळका नळ पहिला

आमच्या दाजींइतका विलायतेतला पाऊस सोसलेला माणूस अख्ख्या मराठवाड्यात दुसरा निघायचा नाही, आणि दाजी विलायतेला कधी गेलेले नाहीत. लांबचा प्रवास म्हणावा तर एकदा श्रीशैलला जाऊन आले, तेही येताना बस लागली म्हणून पुन्हा कुठं जायचं नाव काढलं नाही. दाजी म्हणजे माझ्या अक्काचे यजमान. लातुरात राहतात. घराच्या मधल्या खोलीत, देवळीतल्या बसवण्णांच्या तसबिरीखाली त्यांचा कॉम्प्युटर. त्या कॉम्प्युटरवर बसून ते इंग्लंडातल्या एका डोंगराळ गावच्या प्लंबिंग कंपनीचं ऑफिस चालवायचे. कुणाच्या घरी कोणता प्लंबर जाणार, आधी कुठं, मग कुठं, कोणत्या रस्त्यानं, सोबत काय सामान घेऊन, सगळं दाजी ठरवणार. तिथल्या माणसाचा पगार मालकाला झेपेना, म्हणून त्यानं पुण्याच्या एका एजन्सीमार्फत इथला माणूस धरला. हुद्दा मात्र मॅनेजरचा दिला. अक्का शेजारणींना सांगायची, "आमच्या ह्यांच्या हाताखाली गोरे हायेत." आणि ते खोटं नव्हतं.

हे काम दाजींना जमलं कसं, असं पुष्कळांनी मला विचारलंय. ज्या वर्षी लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्या वर्षी दाजी टँकरच्या ठेकेदाराकडे होते. कोणता टँकर कोणत्या गल्लीत आधी सोडायचा हे ठरवणं त्यांच्याकडे, आणि मागं राहिलेल्या गल्लीतल्या बाया रिकाम्या घागरी घेऊन येत त्या थेट त्यांच्या टेबलावरच. त्या बायांसमोर जो टिकला त्याला इंग्रज काय करणार?

दाजी लातुरात राहत असले तरी हवा तिथली लागायची. तिथं पाऊस लागला की हे भर एप्रिलात छत्री घेऊन भाजी आणायला जाणार. ऊन लागतं म्हणून नव्हे, हे विशेष. कुणी हटकलंच तर, "लई धरून आलंय हो," म्हणून वर निरभ्र आभाळाकडं बघायचे. तिथं थंडी पडली, पाइपात पाणी गोठलं की यांच्या अंगात स्वेटर. वर्षातून दोनदा तिकडं घड्याळाचे काटे मागंपुढं करतात. ते झालं की लातुरात अक्काच्या भाकरीची वेळ तासभर सरकायची. एवढा उलटफेर निजामाच्या राज्यातही झाला नसेल, असं मी एकदा म्हणालो. अक्का म्हणाली, "निजाम घरात बसून काम करत नव्हता."

अहमदपूरला आमच्या मामेबहिणीचं लग्न होतं, तेव्हाची गोष्ट. दुपारचा मुहूर्त, हातात अक्षता, आणि दाजींचा फोन वाजला. तिकडं एका प्लंबरची गाडी पुलाजवळ अडकली होती. झालं. दाजी मांडवातच इंग्रजीतून ओरडायला लागले. पुलावरून जाऊ नको, शाळेची वेळ आहे, मागं घे, चर्चच्या अंगानं वर चढ. इंग्रजी सगळ्यांना कळलं नाही, पण गाडी अडकली एवढं कळलं. पाहुण्यांतली चार धट्टीकट्टी माणसं बाह्या सारून उठली आणि म्हणाली, "चला दाजी, ढकलू की." दाजींना त्यांना समजावता येईना आणि फोनही सोडवेना. अखेर ती माणसं मांडवाबाहेर जाऊन एक भलतीच जीप ढकलून आली. आशीर्वाद म्हणून टाकायच्या अक्षता दाजींनी संध्याकाळी खिशातून काढून अक्काच्या हातावर ठेवल्या.

पण इंग्लंडातल्या त्या गावात दाजींचं नाव झालं ते एका निराळ्याच गोष्टीनं. दाजींचा नेम होता, गळका नळ पहिला. नवीन न्हाणीघर, बॉयलर, हॉटेलचं मोठं काम, सगळं मागं. कुणाचा फोन आला की नळ ठिबकतोय, की माणूस सुटलाच. वायसर बदलायचं काम, मिळकत ती काय असणार? पण आठ-दहा दिवसांनी नळ येणाऱ्या गावातला माणूस, ठिबकतंय हे ऐकलं की त्याला बसवत नसे. एके दिवशी तर एका हॉटेलचं काम खोळंबलं आणि सगळे प्लंबर गळक्या नळांवर! मालक चिडला. म्हातारा माणूस, आवाज मोठा. हे काय चालवलंय, म्हणाला. दाजींनी शांतपणे सांगितलं, "साहेब, माझ्या गावाला पाणी रेल्वेनं आलंय. मला ठिबकतं पाणी उद्यावर टाकता येत न्हाई." मालकाचा आवाज उतरला. मग म्हणाला, तुमच्या पद्धतीनं करा.

आणि गंमत म्हणजे धंदा वाढला. फोन केला की लगेच माणूस येतो अशी कंपनी त्या लोकांनी पाहिली नव्हती. टेकडीवर एक एकटी राहणारी म्हातारी होती. तिचा नळ दर आठवड्याला गळायचा. प्लंबर सांगायचा, नळ धड आहे, म्हातारीला चहाला सोबत पाहिजे असते. दाजी म्हणायचे, "असंल. पण ती गळतोय म्हणाली का न्हाई? मग जायचं." फोन ठेवताना दाजींच्या तोंडून सवयीनं 'शरणार्थ', म्हणजे आम्हा लिंगायतांचा नमस्कार, जायचा. पुढं पुढं मालकही वाकड्यातिकड्या जिभेनं 'शरणार्थ' म्हणायला लागला, आणि ती म्हातारीसुद्धा.

सुखाला दृष्ट लागायला वेळ लागत नाही. मालक थकला आणि त्यानं कंपनी एका मोठ्या कंपनीला विकली. शेवटच्या दिवशी दाजींशी बोलताना तो नुसतं "शरणार्थ" म्हणाला आणि फोन ठेवला. नव्या मंडळींचा पहिला हुकूम निघाला तो असा, की गळका नळ अर्जंट नसतो. तो आठवडाभर थांबू शकतो. दाजींनी हुकूम वाचला आणि दुसऱ्याच दिवशी पहिला माणूस गळक्या नळावर पाठवला. तंबी आली. पुन्हा तेच. त्या दिवसांत मी नांदेडहून मुद्दाम गेलो होतो, अक्कानंच बोलावलं होतं. तिचा जीव टांगणीला लागला होता. ही नोकरी गेली तर पन्नाशीच्या माणसाला दुसरी कोण देणार?

"ऐका की त्यांचं," ती माझ्यादेखत म्हणाली. "नळ त्यांचा, पाणी त्यांचं. आपलं काय जायलंय?"

"मला दिसत असतंय गं ते," दाजी म्हणाले. "इथं बसून दिसतंय. ठिबकतंय, ठिबकतंय, आन् मी म्हणू, आठ दिवसांनी या?"

"पाव्हणं, तुम्ही तरी सांगा," अक्का दाजींचीच हाक उचलून मला उपरोधानं म्हणाली. मी काय सांगणार? शाळामास्तर माणूस, दुसऱ्यांना उपदेश करण्याचाच पगार घेतो. त्या दिवशी मात्र मला अक्काचं पटत होतं आणि दाजींचंही.

मग मनिलाच्या एका मुलीला काम शिकवायचा निरोप आला. मदतनीस म्हणून, असं लिहिलं होतं. दाजी भोळे असतील, खुळे नाहीत. जसं तिथल्या माणसापेक्षा दाजी स्वस्त होते, तशी दाजींपेक्षा ती. तरीही त्यांनी तिला हातचं राखून काही शिकवलं नाही. कोणत्या गल्लीत कुत्रं सोडलेलं असतं, पुलावर कधी गर्दी होते, टेकडीच्या चढाला कोणती गाडी घ्यायची नाही, सगळं सगळं. मुलगी गुणी होती. शेवटी तिनं विचारलं, सर, गळके नळ यादीत खाली टाकायला सांगितलेत, तुम्ही वर का टाकता? "तुझ्या गावाला पाणी रोज येतं का?" दाजींनी विचारलं. येतं, म्हणाली. दाजी म्हणाले, "चांगलं हाय बाई. मग तू खाली टाक."

पुढच्या सोमवारी कॉम्प्युटरनं त्यांना आत घेतलं नाही. अक्का सांगत होती, दाजी पुन्हा पुन्हा पासवर्ड टाकून बघत होते. शेवटी तिलाच म्हणावं लागलं, "आवो, कुलूपच बदललंय त्यांनी."

परवा लातूरला गेलो. बसस्टँडवरून चालत घरी पोचलो तर गल्लीत गटारीपर्यंत पाणी आलेलं. वाटलं, पाइप फुटला असेल. बघतो तर अक्काच्याच अंगणातून येतंय. नळ आला होता, ड्रम भरून वाहत होता, अक्का बाजारात गेलेली, आणि दाजी समोरच्या पायरीवर बसून ते वाहणारं पाणी बघत होते. अंगात स्वेटर होता. मी ओरडलोच, "दाजी, अहो पाणी चाललंय!"

"जाऊ द्या पाव्हणं," ते म्हणाले. "अर्जंट नसतंय ते. सांगितलंय त्यांनी."

मी धावत जाऊन नळ बंद केला. हात ओले झाले आणि डोळेही, खोटं कशाला सांगू? नळ बंद झाला खरा, पण त्याचा वायसर गेलेला. थेंब थेंब गळतच राहिला. मी दाजींच्या शेजारी बसलो. त्या थेंबांचा आवाज तेवढा येत होता. थोड्या वेळानं दाजी उठले, आतून तांब्या आणला आणि नळाखाली ठेवला. "तिथं आता सकाळ झाली असंल," म्हणाले. "टेकडीवरली बाई फोन करत असंल. ही पोरगी तिला शरणार्थ म्हणती का न्हाई, कुणाला ठावं. तेवढं शिकवायचं राहिलं बगा."

तांब्या भरला तो त्यांनी दारच्या बेलाच्या बुडाशी ओतला आणि पुन्हा नळाखाली ठेवला. संध्याकाळच्या नांदेड गाडीसाठी मी निघालो, तेव्हा ते तो भरायची वाट बघत बसले होते.