वाजणारा कोळसा

कोळशाचा तुकडा दोन बोटांत धरून ते आधी फरशीच्या कडेवर हलकेच आपटायचे. मग तो कानापाशी नेऊन नखाने टिचकी मारायचे. टण्ण असा काचेसारखा आवाज आला की म्हणायचे, "पिकला, सर." थप्प असा आवाज आला तर काही न बोलता तुकडा चुलीच्या टोपल्यात टाकायचे.

तुकडा कानापाशी न्यावा लागायचा, कारण त्यांना मान वाकवता येत नव्हती.

तुम्ही तालुक्याच्या कॉलेजात शिकला असाल तर प्रयोगशाळेतला असा एखादा परिचर तुम्हालाही आठवेल. मुलं त्याला मामा म्हणतात, प्राध्यापक नावाने हाक मारतात आणि कुठली बाटली कुठे आहे ते फक्त त्यालाच माहीत असतं. आमच्या रसायनशास्त्र विभागात ते होते. वयाने माझ्याहून तीन वर्षांनी मोठे, तरी मी त्यांना अरे-तुरे करायचो. आज लिहिताना हात आपोआप 'ते' लिहितोय. हेही उशिराच सुचलं.

कुणी हाक मारली की ते सगळेच्या सगळे वळायचे, कपाट सरकवावं तसे. नव्या पोरांना वाटायचं, माणूस ताठ्याचा आहे. ताठा नव्हता, पाणी होतं. त्यांचं गाव सिरसाळ्याच्या रस्त्यावर आत चार मैल. तिथल्या बोअरच्या पाण्यात फ्लोराईड होतं. "लई गोड पानी, सर," ते म्हणायचे. "खारं असतं तर कोन पेलं असतं?" लहानपणी दात तपकिरी झाले, तिशीत गुडघे धरले, चाळिशीत पाठ आणि मान एका लाकडासारखी झाली. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर एकच ओळ लिहिली होती : याला औषध नाही, पाणी बदला. ती चिठ्ठी त्यांनी मला दाखवली आणि म्हणाले, "बदलायचं कसं, ते न्हाई लिहिलं."

आमच्या विभागात एक विजेची भट्टी होती, पदार्थ खूप तापवण्यासाठी. ती माझ्या नेमणुकीनंतर दोन वर्षांत बंद पडली आणि पुन्हा चालू झाली नाही. तरी दर खंडेनवमीला ते तिला हळदकुंकू लावायचे, झेंडूची माळ घालायचे. मी एकदा चेष्टा केली, "अरे, मेलेल्या भट्टीची कसली पूजा?"

"मेली न्हाई, सर. आजारी हाय. आजारी मानसाला जेवायच्या पंगतीतून उठवतेत का?"

तपासणीची समिती आली की भट्टीवर स्वच्छ कापड घालून ते शेजारी उभे राहायचे आणि पाहुण्यांना अदबीने सांगायचे, "हात लावू नका साहेब, आत्ताच बंद केलीय." पाहुणे दोन पावलं मागे सरायचे. आम्ही नंतर पोट धरून हसायचो. त्या हसण्यातच पुढचं सगळं होतं, हे तेव्हा कळलं नाही.

पाण्यातून फ्लोराईड काढायचं काम मी त्या चिठ्ठीमुळे हाती घेतलं, असं सांगायला आवडलं असतं. खरं म्हणजे मला बढतीसाठी संशोधन हवं होतं. विषय त्या चिठ्ठीने दिला. कल्पना सोपी होती. कोळशाच्या बारीक पुडीचा लेप दोन पट्ट्यांवर द्यायचा, पट्ट्या समोरासमोर उभ्या करायच्या, बॅटरीला जोडायच्या आणि मधून पाणी सोडायचं. फ्लोराईड धन पट्टीला जाऊन चिकटतं. पट्टी भरली की तारा उलट्या जोडून ते वेगळ्या पाण्यात सोडून द्यायचं. सगळी मदार कोळशावर. तो बाहेरून विकत न आणता आपल्याकडे कापूस वेचल्यावर शेतात उभी राहते त्या पऱ्हाटीपासून करायचा, हे माझं नवेपण. पण भट्टी बंद.

"घरी करून आनू का?" त्यांनी विचारलं. "आमचा बाप लोहारासाठी कोळसा पाडायचा. लोहाराला वाजनाराच लागतो."

त्यांच्या घरामागे डांबराचं रिकामं टिपाड होतं. त्यात पऱ्हाटी ठासून भरायची, पेटवायची, धूर पांढऱ्याचा निळा झाला की झाकण घालून काळ्या मातीने आणि शेणाने सगळ्या फटी लिंपायच्या. मग तीन दिवस हात लावायचा नाही. पहिल्या खेपेला मी दुसऱ्याच दिवशी स्कूटरवर गेलो आणि ते नको नको म्हणत असताना झाकण उचललं. आत क्षणभर काळं होतं. हवा लागली, कडेला एक लाल ठिपका दिसला आणि बघता बघता सगळं टिपाड फुललं. आमच्या हाती राख आली.

ते रागावले नाहीत. त्यांची बायको आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली, मला बघून तिने तोंडाला पदर लावला. त्या गावातल्या सगळ्याच बायका तोंडाला पदर लावून हसतात. दात दिसू नयेत म्हणून. ते म्हणाले, "घाई कुनाला हाय, सर? कोळशाला तर न्हाई."

तिसऱ्या खेपेच्या कोळशाने काम केलं. इतकं चांगलं केलं की मी मोजमाप चारदा करून पाहिलं. बाजारातला कोळसा त्याच्या निम्माही चालत नव्हता. आम्ही दुधाच्या कॅनएवढं यंत्र तयार केलं आणि त्यांच्या गावच्या शाळेत बसवलं. रोज सकाळी कॉलेजला निघण्याआधी ते शाळेत जाऊन तारा उलट्या-सुलट्या करायचे. दुधाचे दात पडायच्या वयाची पोरं त्याचं पाणी प्यायला लागली. "आता येनारे दात पांढरे येतेत का बघू," ते म्हणायचे. सगळ्या प्रयोगातलं त्यांचं निरीक्षण एवढंच, आणि त्याला काही वर्षं लागणार होती.

मला तेवढा धीर नव्हता. मी निबंध लिहिला, तो परदेशी नियतकालिकात छापून आला. कोळसा कसा केला, तिथे टिपाड लिहायची मला लाज वाटली. डांबराचं टिपाड, शेणमातीचं लिंपण, हे त्या गुळगुळीत पानावर कसं दिसेल? मी लिहिलं, विभागातल्या विजेच्या भट्टीत, अमुक तापमानाला, अमुक तास. भट्टी ज्या कापडाखाली होती, त्याच कापडाखाली मीही शिरलो.

निबंध लिहीत असताना ते दोनदा माझ्या टेबलापाशी आले होते. "सर, ते भिजवायचं राहिलं सांगायचं..."

"नंतर सांग," मी म्हणालो. दोन्ही वेळा.

वर्षभराने दक्षिणेतल्या एका संशोधिकेचं पत्र आलं. माझ्या कृतीने तिने पाच वेळा कोळसा केला होता, एकदाही तसा निकाल आला नव्हता. मी तिला लिहिलं, तुमच्या कामात हलगर्जीपणा असेल. तिने नियतकालिकाला कळवलं, नियतकालिकाने कॉलेजला, आणि प्राचार्यांनी तीन जणांची चौकशी नेमली.

त्या खोलीत त्यांना बोलावलं तेव्हा मी खिडकीशी बसलो होतो. प्राचार्यांनी विचारलं, "तुम्ही नमुन्यात काही मिसळलं होतं का?"

ते सगळेच्या सगळे माझ्याकडे वळले. मग परत प्राचार्यांकडे. "राखेचं पानी, साहेब. पऱ्हाटी रातभर राखेच्या पान्यात भिजवून मंग जाळतो आमी. लोहार म्हनायचे, तसा कोळसा लवकर धरतो. नंतर बुळबुळ जाईस्तोर धुतो. सरांना सांगायचं राहिलं."

वाचकहो, मी रसायनशास्त्र तीस वर्षं शिकवलं. राखेच्या पाण्यात पोटॅश असतं आणि ते तापताना कोळशाला आतून असंख्य बारीक छिद्रं पाडतं, हे मला त्यांचं वाक्य संपायच्या आत कळलं. आमचा कोळसा चालत होता तो त्यामुळे. त्या संशोधिकेचा चालत नव्हता तो त्यामुळे. शोध होता तो हा, आणि तो त्या खोलीत उभ्या माणसाचा होता. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं : यांनी बरोबर केलं, कागदावर खोटं मी लिहिलं.

मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

अहवालात आलं, 'परिचराने परवानगी न घेता नमुन्यात बाह्य पदार्थ मिसळला.' त्यातला एकही शब्द खोटा नव्हता. सही करताना मी स्वतःला तेच सांगितलं. बंद भट्टीचा विषय कुणी काढलाच नाही; निबंध मागे घेतला गेला, माझ्यावर ठपका आला नाही. प्रकल्प बंद म्हणून शाळेतलं यंत्र उचलायचा हुकूम निघाला, आणि ते काम त्यांनाच दिलं. त्यांनी पट्ट्या पुसून, एकेक वर्तमानपत्रात गुंडाळून आणल्या आणि माझ्या टेबलावर ठेवल्या. "पोरं इचारायलीत, पानी का म्हून बंद केलं," एवढंच म्हणाले. मी म्हणालो, "वरून आदेश आहे."

नोकरीची शेवटची चार वर्षं ते सायकल स्टँडवर होते. मी गेटातून आत आलो की ते पूर्ण वळून म्हणायचे, "नमस्कार, सर." त्यात टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं. पुढे पुढे मी मागच्या फाटकाने यायला लागलो.

ते निवृत्त झाले तेव्हा मी उपप्राचार्य होतो, म्हणून शाल माझ्या हातून. इतर लोक शालीसाठी मान खाली घालतात. त्यांना ते जमेना, तेव्हा मलाच टाचा उचलून उभं राहावं लागलं. सभागृहात थोडं हसू झालं. माझा कान त्यांच्या तोंडाजवळ होता. ते हळूच म्हणाले, "सर, ते राखेच्या पान्याचं तेवढं लिवून ठेवा कुठंतरी. माझं नाव नसू द्या. कुनाच्या तरी कामी येईल."

मी हो म्हणालो. टाळ्या झाल्या.

त्यालाही आता बरीच वर्षं झाली. मी लिहिलं नाही. आधी प्राचार्यपद होतं, मग निवृत्तीवेतनाचे कागद, मग हृदयाची शस्त्रक्रिया. कारणं मिळत गेली. गेल्या उन्हाळ्यात बाजारात त्यांच्या गावचा एक जण भेटला आणि ते गेल्याचं कळलं. दोन महिने उलटून गेले होते. शेवटी तर कूसही बदलता येत नव्हती म्हणे.

मी त्यांच्या घरी गेलो. वहिनींनी ओळखलं. पाण्याचा तांब्या आणला, मग काय वाटलं कोण जाणे, तो ठेवून कपाटावरची विकतची बाटली काढून दिली. त्याच बोलल्या. "लई याद काढायचे तुमची. कुनी इंजनेर-बिंजनेर गावात आला की म्हनायचे, सरांनी लिवलंय सगळं, त्यांच्याकडं मिळंल."

मी बाटली तशीच हातात धरून बसलो.

घरी येऊन त्या नियतकालिकाला पत्र लिहिलं. भट्टी बंद होती, टिपाड होतं, राखेचं पाणी होतं, चौकशीत मी गप्प होतो. त्यांचं नाव गावासकट पूर्ण लिहिलं. इथे ते लिहीत नाही. ते जिथे यायला हवं होतं, तिथे आधी येऊ दे. नको म्हणाले होते, तरी लिहिलं. त्यांची ही एक गोष्ट मी मुद्दाम मोडली. त्या संशोधिकेलाही पत्र लिहून माफी मागितली. संपादकांचं उत्तर आलं ते अपेक्षेपेक्षा कोरडं होतं : राखेचं प्रमाण काय, किती पाण्यात, किती वेळ?

मला माहीत नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं.

म्हणून पुन्हा वहिनींकडे गेलो, तराजू आणि वही घेऊन. त्यांनी तराजूकडे बघून पदर तोंडाला लावला. "ते मोजायचे न्हाईत, सर. बोट बुडवून बघायचे."

"तुम्ही बुडवा, वहिनी. मी मोजतो."

त्यांनी राख ओंजळीने टाकली, मी प्रत्येक ओंजळ टाकण्याआधी तोलून वहीत मांडली. पाच ओंजळींनंतर त्यांनी बोट बुडवलं, अंगठ्यावर चोळलं आणि मान हलवली, अजून एक. मग म्हणाल्या, "आता तुमी बघा." मी बोट बुडवलं. पाणी साबणासारखं निसरडं लागलं. रात्रभर पऱ्हाटी भिजली, दुसऱ्या दिवशी उन्हात सुकवली आणि तीन दिवसांपूर्वी तेच टिपाड पेटवलं. धूर निळा कधी झाला तेही त्यांनीच सांगितलं. मातीचं लिंपण मी केलं. गुडघे दुखले, पण फट राहू दिली नाही.

काल संध्याकाळी मी पुन्हा गेलो. वहिनींनी टिपाडाला तळहात लावून पाहिला. "गार हाय की, सर. उघडायचं का? तुमाला परत हेलपाटा."

मीही हात लावला. खरंच गार होतं. वरचं लिंपण वाळून भेगाळलं होतं, मी ओल्या मातीचा गोळा घेऊन त्या भेगा पुन्हा बुजवल्या.

"राहू द्या, वहिनी," म्हणालो. "उद्या."