नवलची मूठ

आमच्या भाऊबंदकीला रक्ताचा फार पुळका आहे. गावात रक्तदानाचं शिबिर लागलं की मात्र यातला एकही बाप्या तिकडं फिरकत नाही.

नवल माझा चुलतदीर. जळगावात, पिंप्राळ्याला, विहिरीवरच्या पंपांच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून देण्याचं दुकान चालवतो. खरा इतका, की माणसाला वैताग यावा. मोटारीतून निघालेली जुनी तांब्याची तारसुद्धा गिऱ्हाइकाला परत बांधून देतो. त्याच्या एका मित्राला मूल होत नव्हतं, तर हा सरळ वीर्यबँकेत गेला आणि म्हणाला, माझं घ्या, त्याला द्या. तिथं कळलं, की असं नाव घेऊन देता येत नाही. घेणारा कोण ते देणाऱ्याला कळत नाही, आणि देणारा कोण ते घेणाऱ्याला. मग नवल म्हणाला, कोणाच्या का घरी होईना, पाळणा हलू दे. बायकोला, रूपाला, विचारूनच त्यानं होकार दिला. घराण्यात कोणाला काय आजार होते ते लपवलं नाही, रक्त तपासून घेतलं, सहा महिन्यांनी पुन्हा तपासायला गेला. एकाच जोडप्याला देतात, त्या मुलावर आपला हक्क नाही आणि त्याचा आपल्या जमिनीवर नाही, हेही विचारून घेतलं. आमच्या कुळदेवीच्या, कानबाईच्या मुठीला गप्प बसायचं, एवढं मात्र त्याला कोणी सांगितलं नाही.

श्रावणात कानबाई बसायच्या आधी धुळ्याकडच्या आमच्या गावी सगळे भाऊबंद जमतात. रोटांसाठी, म्हणजे देवीच्या प्रसादाच्या जाड पोळ्यांसाठी, एकेका पुरुषाच्या नावानं गव्हाची मूठ पाटीत पडते. ते रोट कुळातल्यांनीच खायचे. मुठीचा आकडा चुकवणं म्हणजे देवीशी खोटं बोलणं. यंदा माझे सासरे देवचंदनाना मुठी टाकत होते, आम्ही सुना सुपं घेऊन बसलो होतो. नवलची पाळी आली आणि त्यानं भाबडेपणानं सगळं सांगून टाकलं.

"नाना, कोठे पोऱ्या जलमना व्हई, ते त्याना नावनी मूठ टाकानी का?"

झालं! पितांबरकाका म्हणाले, हा कोण्या बाईकडं गेला असणार. दुसऱ्यानं शेतात वाटेकरी आणून ठेवला म्हणून बोंब ठोकली. नवल शांतपणे कायदा सांगत होता, पण ऐकतो कोण? यांच्यातल्या दोघांनी मुलगी नको म्हणून बायकांचे गर्भ पाडून घेतले, ते सगळ्या गावाला ठाऊक आहे. तेव्हा कोणाच्या कुळाला धक्का लागला नव्हता. माझं डोकं नुसतं तापलं होतं.

नानांनी मूठ मागं घेतली. "कुळनं रगत बाहेर वाटी उना. याना नावनी मूठ नही."

मूठ नाही म्हणजे रोट नाही, आणि रोट नाही म्हणजे नवल, रूपा, त्यांची पोरं, सगळी कुळाबाहेर. रूपानं सूप खाली ठेवलं.

नवलची आई भिकुबाई कोपऱ्यात गहू निवडत होती. नाना तिचे धाकटे दीर. ती पदर सावरून पुढं आली.

"भाऊ, तुम्ही आंडेर दिधी, तिले रोट देतस का?"

नाना म्हणाले, दिलेल्या मुलीला रोट कसा देणार, ती त्या घरची झाली.

"तुमनं रगत शे, तरी नही. आनि मी शिरपूरनी. मन्हामा या कुळना रगतना एक थेंब नही, तरी इतला वरीस रोट खादा. मंग रोट रगतना शे का?"

भिकुबाईनं नानांच्या पुढ्यातली पाटी उचलून माझ्यापुढं ठेवली. आता पाखडणं बंद म्हणून मी हातातलं सूप पालथं घातलं. माझ्या शेजारच्या सुनेनं घातलं, तिच्या पलीकडचीनंही. सासऱ्यासमोर मी एवढंच बोलले: गहू पाखडायला आम्ही, दळायला आम्ही, रोट भाजायला आम्ही, आणि रक्ताच्या बाता यांच्या.

नानांनी पालथ्या सुपांकडं पाहिलं. मग त्यांनी पाटी ओढून नवलच्या नावाची मूठ टाकली, त्याच्या पोरांची टाकली. कोणाकडं पाहिलं नाही.

नवल तो नवलच. हळूच आईला म्हणाला, आणि त्या पोऱ्याची?

"तो त्या घरना शे," भिकुबाई म्हणाली, "त्यानी मूठ त्याना घर पडी."

मी सूप सुलटं केलं आणि गहू पाखडायला घेतले.