जोडीचा माणूस

मी तिसरी नापास. पण दगडाला टाकी लावण्यात माजिवड्यापासून कोलशेतपर्यंत माझा हात धरणारा कुणी नव्हता, हे आजही छाती ठोकून सांगतो.

पिठाच्या गिरणीचे दगड घडवायचा कारखाना आमचा. स्वातंत्र्य मिळून पाचसहा वर्षं झालेली. लांबलचक पत्र्याची शेड आणि तिला एकच दार. त्या दारातली जागा माझी, भांडून घेतलेली. माझ्याच वयाचा, माझ्याबरोबरच कामाला लागलेला एक जण चाळीत माझ्या शेजारच्या खोलीत राहायचा. त्याच्या वाट्याला आतला कोपरा आला. तिथे दगडाच्या भुकटीत भरदुपारी माणूस दिसायचा नाही, नुसता टाकी-हातोड्याचा आवाज यायचा. पुढे त्याला खोकला लागला. चाळीचा जिना चढताना दोनदा थांबायचा.

त्या साली दगडवाल्या मालकांच्या मंडळाने एक डॉक्टर आणला. कारागिरांची छाती दगडाने बिघडते की विडीने, हे त्याने शोधायचं. छातीचा फोटो काढायचं यंत्र, डॉक्टरांचा पगार, सगळं मालकांचं. म्हणून आमचा मॅनेजर कायम डॉक्टरांच्या बाजूला खुर्ची टाकून.

फोटो निघाले आणि डॉक्टरांनी शेजाऱ्याला बोलावलं. "या, बसा." खुर्चीवर! त्याच्या पाठीला नळी लावून किती वेळ ऐकत राहिले. गाव कुठलं, वडील काय करायचे, खोकला कधी लागला, सगळं विचारलं. वर रोज शेरभर दूध चालू केलं. आमचं एवढं तर आमच्या सोयऱ्यांनीही कधी विचारलं नव्हतं.

मग मी. उभ्याउभ्याच.

"तुम्ही यांच्या जोडीचे."

"म्हणजे काय?"

"वय तेच, काम तेच, वर्षंही तेवढीच. त्यांची छाती बिघडली, तुमची चांगली आहे. फरक कशाने पडला ते बघायचंय. कोपऱ्यामुळे असेल, तर तिथली भिंत फोडून खिडक्या पाडा असं मी मालकांना लिहिणार आहे."

मी खिडक्यांचं ऐकलंच नाही. कानात एकच शब्द राहिला. जोडीचा. कामात मी पहिला, आणि कागदावर कोण, तर त्याच्या जोडीचा!

संध्याकाळी तो दुधाचा तांब्या घेऊन माझ्या दारावरून गेला. "काय जोडीदार! तूही खोक की थोडं, तुलाही खुर्ची देतील."

चाळ हसली. मी नाही हसलो. बायको म्हणाली, "अहो, आजारी माणसाचं दूध ते. त्यावर काय डोळा ठेवता?"

"दुधाचं नाही गं," म्हटलं. दार लोटून घेतलं.

पुढच्या मंगळवारी डॉक्टरांनी विचारलं, "कामाला कुठे बसता?" उत्तर एका शब्दाचं होतं. पण दारात म्हटलं की माझ्या छातीची शाबासकी वारा घेऊन जाणार. मी बोलून गेलो, "आतल्या कोपऱ्यातच, याच्या शेजारी. माझी छातीच मुळात दणकट."

मॅनेजरला काय आनंद झाला! मला दारात बसलेलं त्याने रोज बघितलेलं, पण म्हणाला, "बघा डॉक्टर. कोपरा एक, भुकटी एक. दगडाचा काय दोष?" डॉक्टरांनी लिहून घेतलं. माझा शेजारी खुर्चीवरून काही बोलायला गेला, तर त्याला खोकल्याची उबळ आली. ती थांबेपर्यंत मी बाहेर पडलेलो.

आठ दिवसांत कळलं, खिडक्या रद्द. तो माझ्या उंबऱ्यात येऊन बसला. ओरडला असता तर मीही ओरडलो असतो. तो दम खात म्हणाला, "खुर्चीच हवी होती तर मागायची होतीस लेका. मी उठलो असतो."

मंगळवारी मी स्वतःहून गेलो. सगळ्यांदेखत म्हटलं, "मी खोटं बोललो. मी दारात बसतो. चला, जागा दाखवतो."

डॉक्टर उठले. मॅनेजर बसूनच बोलला, "आज एक, उद्या दुसरं. असल्या माणसाचा अभ्यासाला काय उपयोग? जोडीच काढून टाका. मंडळालाही तेच पटेल."

मंडळाचं नाव निघालं तसे डॉक्टर परत बसले. माझ्या पानावर आडवी रेघ ओढली. पान उलटलं आणि त्याच्या पानावरही ओढली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. दुसऱ्या दिवसापासून त्याचं दूध बंद झालं.

मी काय करणार? त्याचं बसायचं गोणपाट उचललं, दारात टाकलं. त्याचा हातोडा, टाकी तिथे नेऊन ठेवली आणि माझी घेऊन त्याच्या कोपऱ्यात बसलो.

"आता देतोस?" तो म्हणाला.

"बस म्हटलं ना!"

मॅनेजर दोनदा ओरडून गेला. मी कोपऱ्यातून हललो नाही. मला हलवणारा तिथे कोण होता?

तो गावी जाईपर्यंत, म्हणजे दोनेक वर्षं, दारातच बसला. खोकला गेला नाही, पण जेवायच्या सुट्टीत वाऱ्याकडे तोंड करून बसायचा. येणारा-जाणारा आधी त्याला रामराम करायचा. मी भुकटीतून बघायचो. तेव्हाही माझ्या पोटात दुखायचंच, खोटं कशाला सांगू? पण ऊठ म्हणालो नाही.