भरतीआधीचा गुलाल

आमच्या गावात एक रीत होती. ती निव्वळ मूर्खपणाची होती, हे मी तेव्हाच म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही, म्हणून आता म्हणतो. पोरगं मिलिटरीच्या भरतीला निघालं की त्याला जाण्याआधीच गुलाल लावायचा. निकालानंतर नव्हे, आधी! वडूजपासून तासाभराच्या चालीवरचं गाव, घरटी एक माणूस फौजेत, आणि भरतीला गेलेलं पोरगं हात हलवत परत आलंय असं कुणाला आठवतच नव्हतं. त्यामुळं तिथं नापासही होता येतं हे गावाच्या डोक्यात शिरायचंच नाही. हलगी वाजायची, नारळ फुटायचा आणि पोराला मिरवत एस्टीपर्यंत न्यायचे.

दुसरी रीत त्याहून वाईट. जाणाऱ्याची कापडं वाटून टाकायची. सरकार बनियनपासून बुटापर्यंत सगळं देतंय, मग घरातली कशाला कुजवायची, हा हिशेब. मी गेलो तेव्हा माझे दोन सदरे आणि एकुलती एक चांगली विजार चुलतभावाकडं गेली. निळा सदरा घालूनच तो मला पोचवायला आला. मी खिडकीतून हात हलवत होतो आणि मनात म्हणत होतो, लेका, निदान मी जाईपर्यंत तरी थांबायचंस.

पाकिस्तानशी लढाई होऊन तीनेक वर्षं झाली होती. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, फौजेतून हवालदार म्हणून पेन्शनीत निघालेले. गावात कुणीही भरतीला निघालं की पहिला गुलाल आबांच्या हातचा. माझ्या बाबतीत तर त्यांनी कसलीच शंका ठेवली नव्हती. आपली काळी पत्र्याची ट्रंक वडूजच्या पेंटरकडून रंगवून घेतली, त्यावर पांढऱ्या अक्षरात माझं पूर्ण नाव घातलं आणि नावाखाली वीतभर जागा मोकळी सोडली. फौजेतला नंबर मिळाला की तिथं घालून घे, म्हणाले. दोन वर्षं रोज पहाटे त्यांनी मला माळावर पळवलं होतं. हातात घड्याळ घेऊन उभे राहायचे. नजर कायम घड्याळावर, माझ्या पायांकडं एकदाही गेली नाही.

साताऱ्याच्या मैदानावर मी पळण्यात तिसरा आलो. छाती भरली, उंची भरली. मग डॉक्टरनं टाचा जुळवून उभं राहायला सांगितलं. माझे गुडघे आधी एकमेकांना टेकले आणि टाचा लांबच राहिल्या. जन्मापासून टेकतात. त्यानं खडूनं माझ्या दंडावर फुली मारली आणि पुढच्याला बोलावलं. सगळं मिळून अर्धं मिनिटही लागलं नसेल. मी चड्डीवर, कानामागं अजून गुलाल, आणि शेजारची पोरं माझ्या गुडघ्यांकडं टक लावून बघतायत. त्या डॉक्टरचा मला राग आला नाही, त्याचं कामच ते. राग आला घरच्यांचा. वीस वर्षं मला खाऊपिऊ घालणाऱ्या माणसांनी माझे गुडघे बघितले नव्हते?

साताऱ्याच्या स्टँडवर वडूजची गाडी लागली होती. मी चढलो नाही. कोणत्या तोंडानं चढणार? गावानं मला वाजतगाजत घालवलं होतं, आणि घरी माझं म्हणावं असं घालायला कापडसुद्धा उरलं नव्हतं. शाळेतला एक मित्र सांगलीला, विश्रामबागेत खोली घेऊन कॉलेज करत होता. मी ट्रंक उचलली आणि सांगलीच्या गाडीत बसलो. आठवड्यानं घरी कार्ड टाकलं, की मला घेतलं नाही, सांगलीत आहे, काम बघतो. उत्तर आलं नाही. पुढं कळलं की आबांनी ते कार्ड वाचून घडी घालून खिशात ठेवलं आणि गावात सांगितलं, पोरगं ट्रेनिंगला गेलं. आईलाही तेवढंच. असं करतात?

मला काम मिळालं ते जळालेल्या मोटारी भरण्याच्या दुकानात. विहिरीवरची मोटार जळाली की तिच्यातली जळकी तार काढून नवी तांब्याची तार भरायची आणि वरून वार्निश पाजायचं. मालक सांगलीजवळच्या गावचे जैन शेतकरी, सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. मला यातलं ओ की ठो येत नव्हतं, आणि येत नाही म्हणायची आमच्या घरात सवय नव्हती. म्हणून येतंय असं दाखवत राहिलो. पहिल्या दोन मोटारी मी जाळल्या. तिसरी भरली, बटण दाबलं, तर ती उलटी फिरायला लागली. आता अण्णाही फुली मारणार, म्हणून मी खुंटीवरची पिशवी काढून हातात घेतली.

अण्णांनी पान लावता लावता वर बघितलं. "अरे, फिरली की. दोन वायरींची अदलाबदल कर, सुलटी फिरंल."

बस, एवढंच. दोन वायरी बदलल्या आणि मोटार सुलटी फिरली. मला आनंद व्हायला हवा होता, पण माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चुकल्यावर दुरुस्त करता येतं, ही साधी गोष्ट मला विसाव्या वर्षी एका परक्या माणसाकडून कळावी? त्या दिवसापासून मी येत नाही ते येत नाही म्हणायला लागलो. अण्णा हसायचे, दोन शिव्या घालायचे आणि परत दाखवायचे. हेच काम जन्मभर करणार की दुसरं काही, ते मला माहीत नव्हतं. मित्र म्हणायचा, ट्रंकेवरच्या मोकळ्या जागेत काहीतरी लिहून टाक, बोडकी दिसते. मी म्हणायचो, दिसू दे. जे ठरलं नाही ते आधी लिहून ठेवायची हौस माझी फिटली होती.

आठ महिन्यांनी, कार्डावरच्या पत्त्यावर मित्राकडं चौकशी करून, आबा दुकानाच्या दारात उभे राहिले. कडक इस्त्रीची टोपी, हातात आईनं दिलेलं भाकरीचं गठुडं. मी अंगाला वार्निश लागलेला, अण्णांच्या जुन्या सदऱ्यात. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघून घेतलं आणि म्हणाले, जत्रेला ये, आई वाट बघतीय. मी हो म्हणायला तोंड उघडलं. तेवढ्यात पुढचं वाक्य आलं, की कुणी विचारलं तर सुट्टीवर आलोय म्हणून सांग.

मी हातातला पाना फरशीवर आपटला. अण्णा उठून मागच्या खोलीत गेले. मी आबांना म्हणालो की येईन तर मोटारी भरणारा म्हणून येईन, नाहीतर तुमच्या जत्रेला माझा रामराम. त्यांच्याशी असं मी आयुष्यात बोललो नव्हतो. मला वाटलं, आता थोबाडीत बसणार. ते स्टुलावर बसले. टोपी काढून हातात फिरवू लागले.

"मला बी पयल्या खेपंला माघारी धाडलं हुतं," ते म्हणाले. "वजन भरलं न्हाई. सा म्हयनं मेढ्याला आत्याच्यात लपून ऱ्हायलो. गावाला वाटलं, टरेनिंगला गेलोय."

मला त्यांची दया आली असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे ही फुली यांच्याही दंडावर बसली होती! घरी कोणत्या तोंडानं जायचं, हा प्रश्न यांनाही पडला होता. तरी यांनी मला गुलाल लावला, माझी कापडं डोळ्यांदेखत वाटू दिली, आणि वर तीच थाप माझ्यासाठी जशीच्या तशी परत वापरली. हे सगळं मी त्यांना तोंडावर ऐकवलं. ते स्टुलावरून उठले. भाकरी ठेवून निघून गेले.

जत्रेच्या आदल्या दिवशी मी गावी गेलो. काय होईल याचा काही अंदाज नव्हता. एस्टी थांबली तर समोर हलगी. मला वाटलं, थाप पक्की करायला माझीच मिरवणूक काढली की काय! पण ती माझी नव्हती. आमच्या आळीतलं एक पोरगं त्याच गाडीनं पुढं भरतीला निघालं होतं. त्याची आई कापडांचं गठुडं घेऊन वाटायला उभी. गर्दीत चुलतभाऊ, अंगात माझा निळा सदरा, आता कोपरावर फाटलेला. आणि मधोमध आबा, हातात गुलालाचं ताट.

मी ट्रंक घेऊन गाडीतून उतरलो. आबांनी मला बघितलं. सगळे त्यांच्या हाताकडं बघत होते, तर त्यांनी ताट पारावर ठेवून दिलं. हलगी थांबली.

"मला पयल्यांदा घेतलं नव्हतं," ते मोठ्यानं म्हणाले. "ह्या माझ्या पोराला बी न्हाई घेतलं. त्यो सांगलीत मोटारी भरतोय." मग त्या पोराच्या आईकडं वळले. "कापडं घरात ठिवा. पोरगं माघारी आलं तर घालंल काय?"

माझी आई पदर तोंडाला लावून उभी होती. तिलाही दोन्ही गोष्टी तिथंच कळत होत्या. ते पोरगं कोऱ्या कपाळानं गाडीत चढलं आणि त्या खेपेला भरतीही झालं, पण तो मुद्दा नाही. मुद्दा असा, की जे वाक्य माझ्या वेळी मला मिळायला हवं होतं ते शेजारच्या पोराला मिळालं. मला बरं वाटलं आणि डोळ्यात पाणी येण्याइतका रागही आला.

घरी जाताना मी त्यांना विचारलं, की हे माझ्या वेळेला बोलायला तुमच्या तोंडाला काय झालं होतं?

त्यांनी माझी ट्रंक माझ्या हातातून घेऊन आपल्या खांद्यावर ठेवली.

"तवा मला भ्या वाटत हुतं, रं," ते म्हणाले.

दोन लढाया बघितलेला हवालदार.