छताच्या खिडकीची निळी खूण

मे महिन्यातला शेवटचा मंगळवार, सकाळी साडेदहा. हजर: मी, माझा नवरा, विमा कंपनीने पाठवलेला सर्व्हेअर आणि शेजारच्या काकू. काकूंना कोणी बोलावलं नव्हतं. कंपाउंडच्या पलीकडे खाटेवर त्यांच्या कुरड्या वाळत होत्या आणि त्या दिवशी त्या कुरड्या फार वेळा उलटवल्या गेल्या.

आधीच्या शुक्रवारी दुपारी वादळ आलं होतं. मी तेव्हा कुहीला एका लग्नात होते. संध्याकाळी सक्करदऱ्याला घरी परतले तर अंगणातल्या कडुनिंबाची मांडीएवढी फांदी आमच्या गाडीच्या छतावर आडवी. ही गाडी म्हणजे जुनी टेम्पो ट्रॅव्हलर. नवऱ्याने स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावर बुटीबोरीच्या एका गॅरेजमधून तिच्यात पलंग, ओटा, कपाटं आणि छताला झाकणासारखी वर उघडणारी एक खिडकी बसवून घेतली. आरटीओत कॅम्पर म्हणून नोंद केली, विमाही तसाच काढला. दोन वर्षं आम्ही तिच्यातून फिरलो. आता छताची खिडकी फुटली होती, आत पाणी भरून प्लायवूड फुगलं होतं आणि वायरिंग गेलं होतं.

एजंटाने फोनवर स्पष्ट सांगितलं, "ताई, खिडकी बंद असून फुटली तर वादळाचं नुकसान. उघडी होती तर तुमची हयगय. मग आतलं काही मिळत नाही." ते आतलं काम पुन्हा करणं आमच्या आवाक्यातलं नव्हतं. क्लेम गेला तर गाडी विकायची, हे आम्ही दोघांनी न बोलताच ठरवलं होतं.

माझा संशय आधी सर्व्हेअरवर होता. वेळेच्या पंधरा मिनिटं आधी येणाऱ्या माणसावर माझा विश्वास नसतो. त्याला तुम्हाला अर्धवट तयारीत गाठायचं असतं. मी अर्धवट तयारीत नव्हते. फाइल तयार होती: आरसी, पॉलिसी, गॅरेजचं बिल, फोटो, प्रत्येकावर चिठ्ठी. त्याने फाइल उघडली नाही. चहाही घेतला नाही. टॉर्च घेऊन आधी छताकडे गेला आणि खिडकीच्या बिजागरीचे चार फोटो काढले. काचेचा एक.

"बिजागरी वाकली आहे," तो म्हणाला.

"फांदी पडली तर वाकेलच न," नवरा म्हणाला.

"हो, तेही आहे." मग हसून, अगदी घरच्यासारखा, "उन्हाळ्यात मी तर माझ्या गाडीची काच बोटभर खालीच ठेवतो. नाही तर बसता येत नाही आत. तुम्ही पण ठेवत असाल न?"

"आमची बंद असते," नवरा म्हणाला. फार लवकर म्हणाला.

प्रश्न कसला आहे ते मला कळलं होतं. मे महिन्यात आमच्या गल्लीत एकही उभी गाडी पूर्ण बंद नसते. वाफ बाहेर जायला बोटभर जागा ठेवायची, हे इथे कोणाला शिकवावं लागत नाही. म्हणूनच मी गाडीच्या दाराशी एक तक्ता लावला होता. रोज सकाळी बघून खूण करायच्या चार ओळी: हँडब्रेक, गॅसचा खटका, पाण्याची टाकी, छताची खिडकी बंद. सोबत दोऱ्याला बांधलेली पेन्सिल. मी घरी नसले की ते काम नवऱ्याचं.

मी तो तक्ता सर्व्हेअरला अभिमानाने दाखवला. आमच्या बाजूचा साक्षीदार म्हणून.

"वा, ताई. असं कोणी ठेवत नाही," म्हणत त्याने त्याचाही फोटो काढला. एक लांबून, एक जवळून. दोन कशाला, हे मी विचारायला हवं होतं.

तेवढ्यात भिंतीवरून काकूंचा आवाज आला. "काहून वं, झाला का पास?"

"बघून राहिले आहेत, काकू."

"देऊन टाका गा साहेब. लय हाल झाले याचे. त्या दिवशी पाणी थांबलं नाही थांबलं, हा शिडी लावून वर! वीज कडकडून राहिली अन् हा झाकण ओढून राहिला. मी म्हटलं, मरते का आता!"

"फांदी काढून राहिलो होतो, काकू," नवरा म्हणाला.

"फांदी तर दुसऱ्या दिवशी तिघांनी उतरवली न गा. तुझ्या एकट्यानं निघाली असती का ते?"

काकू स्वतःच हसल्या. आमच्या बाजूला कोणी हसलं नाही. नवरा म्हणाला, "म्हणजे काचा गोळा करत होतो." सर्व्हेअर मोबाइलमध्ये काहीतरी टाइप करत होता. मी मान वाकडी करून पाहायचा प्रयत्न केला, तर त्याने स्क्रीन छातीकडे वळवली.

जाताना तो म्हणाला, "त्या दिवशी काय झालं ते एका कागदावर लिहून द्या. दोघांच्या सह्या. शुक्रवारपर्यंत."

तो गेल्यावर मी गाडीत जाऊन तक्ता नीट पाहिला. महिनाभराच्या सगळ्या खुणा पेन्सिलच्या. वादळाच्या शुक्रवारच्या पहिल्या तीनही पेन्सिलच्या. चौथी निळ्या बॉलपेनची. पेन्सिल दोऱ्याला तशीच लटकत होती, टोकही शाबूत.

निळं पेन आमच्या घरात फ्रिजवर असतं. सकाळी खूण करताना कोणी पेन आणायला घरात जात नाही. की त्या दिवशी खिशात असेल? असेलही. मी तीन वेळा स्वतःला तसं सांगून पाहिलं.

दुपारी जेवताना मी एवढंच विचारलं, "काचा कुठे टाकल्या?"

"कोणत्या काचा?" मग लगेच, "हां, त्या. कचऱ्याच्या गाडीत." भाताकडे बघत पुढे म्हणाला, "तू काहून विचारून राहिली?"

"लिहायचं आहे न."

"तू लिही. तुझं बरोबरच असते. मी सही करतो."

आणि त्याने केलीही, कोऱ्या कागदाच्या तळाशी, वर एक अक्षर नसताना.

आज गुरुवार. मजकूर लिहून झाला आहे: वादळाची वेळ, फांदी, पाणी, फुगलेली कपाटं, बिघडलेले दिवे. माझी सहीही झाली. फक्त चौथ्या वाक्यात "वादळाच्या वेळी छताची खिडकी" आणि "होती" यांच्या मध्ये एका शब्दाची जागा सोडली आहे. तो भरायचा राहिला आहे.