चित्र हाये, आवाज नाही

दिग्रसला बस स्टँडसमोर आमचं मोबाईलचं दुकान आहे. फोन हे उघडतात, तोंड मी उघडते! शिकले चौथीपर्यंतच, पण काउंटरवर ऐकलेलं लिहायला बसले तर वही पुरायची नाही. एक किस्सा संपत नाही तोच दुसरा "ताई, आवाज येत नाही" म्हणत पायरी चढतो. माझ्या भाचीचं तर शिक्षणच अशा एका मुक्या व्हिडिओत अडकलं होतं. ते सांगतेच, आधी बाकीचे ऐका.

*

विमलबाईंच्या फोनमध्ये व्हिडिओ दिसायचा, ऐकू यायचा नाही. हे म्हणाले, "प्लेयरमध्ये कोडेक नाही." कोडेक म्हणजे व्हिडिओतला आवाज उलगडणारी फाईल. बाई भडकल्या, "नाही कसा? नवा फोन हाये! तुमीच काढून घेतला असन!"

मी म्हटलं, "बाई, काढायचाच असता तर तुमचा आवाज काढला असता!"

*

एका गुरुजींच्या फोनला कोडेकची पहिली फाईल चालेना. "व्हर्जन जुळत नाही," हे म्हणाले. दुसरी टाकली. "प्रोसेसर जुळत नाही."

गुरुजी वैतागले, "अहो, मले कुस्ती पाह्याची हाये. फोनचं लगन नाही लावाचं!"

*

भाऊरावांच्या फोनमध्ये आवाज आला, पण ओठ आधी हलायचे, शब्द मागून यायचे. हे दुरुस्त करायला लागले तर भाऊराव म्हणाले, "राहू द्या. आमच्या घरी बी तसंच हाये. तोंड मी हालवतो, आवाज बायकोचा येते!"

पुढच्या बाजाराला बायको हजर. "चित्र राहू द्या, आवाज काढून टाका. घरात एकच पुरे हाये!"

*

आता भाची. प्राचीचं पुसदला नर्सिंगचं शेवटचं वर्ष राहिलं होतं. लग्नात विहीणबाईंनी माईक हातात घेऊन सांगितलं होतं, सून शिकेल. लग्न झालं अन् बाई साफ उलटल्या. "मी असं बोललीच नाही!"

लग्नाचा व्हिडिओ होता, पण मुका. मी विहीणबाई, जावई अन् प्राची, तिघांनाही दुकानात बसवलं. पडद्यावर विहीणबाईंचं तोंड हलताना दिसलं.

"पाहा, मी तं पाहुण्याइले जेवून जा म्हणून राह्यली!" विहीणबाई म्हणाल्या.

ह्यांनी कोडेक टाकला. दुकानभर आवाज घुमला, "सून आमची पुसदले जाईन, शिक्षण पुरं करीन!"

विहीणबाई गडबडल्या. "हा आवाज कुठून आणला?"

आमचे हे साधे. म्हणाले, "प्लेयरमध्ये नव्हता. बाहेरून टाकला."

"ऐकलं? बाहेरून टाकला! माझा नाहीच तो!"

मी उसळले. "तोंड तुमचं, लुगडं तुमचं, मग आवाज काय माझा?"

तेवढ्यात व्हिडिओ पुढे सरकला. माईक बाईंच्या हातात चालूच राहिला होता. आवाज आला, "शांते, बोलून टाकलं मी. एकदा लगन लागलं की कोण इचारते!"

प्राची जमिनीकडे पाहत बसलेली. तोवर एक अक्षर न बोललेले जावई म्हणाले, "आई, बाहेरच्या आवाजाले आपली शांतामावशी कशी माहीत?"

विहीणबाईंनी पदर सावरला.

"आधी तो आवाज कमी करा! अन् पुसदची बस किती वाजता हाये, ते सांगा."